कोल्हापूरहून जर्मनीला येताय? घटस्फोटाचा हुकूमनामा आधी हातात घ्या

गेली काही वर्षं मला एक ठराविक फोन येतो. पोरगा नाहीतर पोरगी शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या कंपनीतून इकडं स्टुटगार्टच्या बाजूला आलेली असते, आधी घर, शाळा, इन्शुरन्स असलं सगळं विचारून होतं आणि मग आवाज एकदम खाली जातो, "ताई, अजून एक विचारायचं होतं, माझं आधी एक लग्न झालेलं..." मी लगेच विचारते, कागद कुठं आहेत? उत्तर ठरलेलं, "घरी असतील, आईनं कपाटात ठेवलेत." म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. घर कसं शोधायचं ते दुसरं कोणीही सांगेल, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण आपल्या लोकांना घटस्फोट हा शब्दच तोंडातून काढायचा नसतो.

आधी माझी चूक सांगते. माझी केस २०१० ला सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात संपली. निकाल लागला, वकिलांनी झेरॉक्स दिली, ती मी नोटरीकडं नेऊन शिक्का मारून घेतली आणि काम झालं असं समजून इकडं आले. पुढं इथं परत लग्न करायचं ठरलं तेव्हा त्याच झेरॉक्सचं जर्मन भाषांतर करून घेतलं, साडेचारशे युरो गेले. श्टांडेसआम्ट म्हणजे आपलं विवाह नोंदणीचं ऑफिस, तिथल्या बाईंनी कागद हातात घेतला, शिक्क्यावरनं बोट फिरवलं, खिडकीकडं तिरका धरून बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, हा शिक्का कोर्टाचा नाही. खरंच नव्हता. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की ही झेरॉक्स त्याच्यापुढं आलेल्या कागदासारखी आहे, आणि त्याच्यापुढं गेलेला कागदसुद्धा झेरॉक्सच होता. लग्नाची तारीख गेली, भाषांतराचे पैसे गेले, ऐन हंगामात विमानाचं तिकीट काढून कोल्हापूरला जावं लागलं, आणि आईला सगळ्या गल्लीला सांगत बसावं लागलं की पोरगी अचानक का आली.

म्हणून परत सांगते, नोटरी केलेली झेरॉक्स म्हणजे सर्टिफाईड कॉपी नव्हे. सर्टिफाईड कॉपी कोर्टाच्या नक्कल विभागातनंच मिळते, तिच्यावर कोर्टाचा गोल शिक्का असतो, सही असते, आणि अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली त्या तारखा असतात. त्या तारखा नसतील तर तुमच्या हातात दुसरंच काहीतरी आहे.

आणि कागद एक नसतो, दोन असतात. न्यायनिर्णय म्हणजे जजमेंट, त्यात सगळी हकीकत आणि कारणं. हुकूमनामा म्हणजे डिक्री, ती एक-दोन पानांचीच असते पण लग्न मोडलं हे तीच सांगते. लोक जाडजूड जजमेंट घेऊन येतात आणि डिक्री विसरतात. दोन्ही घ्या, दोन-दोन सेट घ्या. एक सेट कायमचा इथल्या ऑफिसात अडकून पडतो.

आता शोधायचं कसं. केस नंबर माहीत असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांच्या सरकारी, साईटवर महाराष्ट्र, मग कोल्हापूर, मग कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावानं शोधता येतं, निकाली केसेस वेगळ्या बघाव्या लागतात. तिथं जे वर्ष विचारतात ते केस दाखल झाल्याचं, निकालाचं नव्हे, इथंच निम्मे लोक चुकतात आणि म्हणतात माझी केस दिसतच नाही. आणि पाटील टाकून शोधू नका, कोल्हापुरात पाटील टाकला तर संध्याकाळपर्यंत यादी संपायची नाही, पहिलं नाव टाका, इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं करून बघा, माहेरच्या नावानंही बघा. सापडली की सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा स्वतंत्र ओळख नंबर, लिहून ठेवा. फार जुनी केस ऑनलाईन सापडली नाही तरी घाबरू नका, रेकॉर्ड रूममध्ये रजिस्टर असतं. घरात जुनं समन्स, वकिलाची पावती, पोटगीच्या अर्जाची प्रत, काहीही असेल त्यावर नंबर सापडतो. माझा नंबर एका समन्सच्या पाठीमागं पेन्सिलनं लिहिलेला निघाला.

कोर्ट कुठलं हे नीट बघा. सगळेच "कोल्हापूर कोर्ट" म्हणतात पण जयसिंगपूरला झालेली केस कोल्हापूरच्या नक्कल विभागात मिळणार नाही, इचलकरंजी, गडहिंग्लजचंही तसंच. कौटुंबिक न्यायालयातली केस वेगळी आणि दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडं चाललेली वेगळी. जिल्हा कोर्ट आता कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात आहे. सीपीआरसमोरच्या जुन्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, जुन्या आठवणीनं भावाला तिकडं पाठवू नका.

नक्कल तुम्ही स्वतः पक्षकार असाल तर अर्ज आणि फी देऊन मिळते. भाऊ नाहीतर मामा नुसता जाऊन "माझ्या बहिणीची आहे" म्हणाला तर देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणं असल्या केसेस बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर छापायला, प्रसिद्ध करायला बंदी आहे. तुमच्या नवऱ्यानं नाहीतर बायकोनं कोर्टात काय काय लिहून दिलं ते कोणीही येऊन वाचू नये, हे तुमच्याच भल्याचं. म्हणून वकीलपत्र नाहीतर मुखत्यारपत्र लागतं. इथनं मुखत्यारपत्र करायचं तर भारतीय वकिलातीत जाऊन करा, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, ते राहून जातं. एवढं करण्यापेक्षा यायच्या आधी स्वतः जाऊन या की, शिरोलीतनं कितीसं लांब आहे.

नक्कल मिळाली की तिची पानं जोडलेलं स्टेपल किंवा दोरा सोडू नका. स्कॅन नीट यावा म्हणून एकानं दोरा काढला, परत तसाच ओवला, तरी इथं नाकारली. पानं सुटली की मधलं पान बदललं नाही याची खात्री राहत नाही. फोटो काढायचा तर तसाच वाकवून काढा.

यानंतर इथले लोक विचारतात रेश्ट्सक्राफ्ट कुठं आहे. म्हणजे निकाल अंतिम झाला, आता अपील होणार नाही, याचा शिक्का. जर्मन निकालावर तो असतोच, आपल्या डिक्रीवर तसा काही छापलेला नसतो, त्यामुळं त्यांना कागद अर्धा वाटतो. म्हणून वकिलांमार्फत कोर्टातनं अपील झालेलं नाही याचा दाखला मिळवायचा. वरिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या निकालावर अपील जिल्हा कोर्टात, कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर हायकोर्टात जातं, त्याप्रमाणं कुठं चौकशी करायची ते ठरतं. कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीनं झालेला घटस्फोट असेल तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ प्रमाणं त्यावर अपीलच नाही, ते कलम भाषांतर करून जोडलं की काम सोपं होतं.

अपोस्टील म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आपलं सरकार त्यावर देतं तो शिक्का, त्याबद्दल सगळे ग्रुपवर छातीठोकपणे सांगतात की अपोस्टील केलं की झालं. भारत २००५ ला अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला हे खरं, पण जर्मनीनं भारतासाठी हरकत घेतलेली आहे, त्यामुळं दुसऱ्या देशात चालणारं ते इथं चालत नाही. त्याऐवजी इथलं ऑफिस जर्मन वकिलातीकडनं पडताळणी मागवू शकतं, मग वकिलातीचा माणूस थेट तुमच्या कोर्टात जाऊन रजिस्टर बघून येतो. याला महिने लागतात आणि खर्च तुमचा. म्हणून नावं, तारखा, पासपोर्टवरचं स्पेलिंग सगळं जुळतंय का ते आधी बघा. एजंटाला पैसे देण्याआधी इथल्या ऑफिसला ईमेल करून नेमकं काय पाहिजे ते लेखी मागवा. जर्मन माणूस हसून बोलणार नाही पण लेखी यादी दिली की त्याच्या बाहेर सहसा जात नाही, हा त्यांचा गुण मला फार आवडतो.

भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडनंच. मराठीतनं थेट जर्मन करणारे फार थोडे आहेत, जर्मन न्यायखात्याची अधिकृत यादी ऑनलाईन आहे. निकाल मराठीत असेल तर इंग्रजीतनं फिरून आलेलं चालेल का ते आधी विचारा.

दोघंही घटस्फोटाच्या वेळी फक्त भारतीय नागरिक असाल आणि निकाल भारतीय कोर्टाचा असेल तर जर्मनीत वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही. एकजण जर्मन असेल तर घ्यावी लागते. परत लग्न करताना, लग्नाला अडचण नाही असा मायदेशाचा दाखला आणण्यातनं इथल्या वरच्या कोर्टाच्या अध्यक्षांकडनं जी सूट मिळते ती सहाच महिने चालते, हॉल बुक करताना हे ध्यानात ठेवा.

आता एक कळकळीनं. आनमेल्डुंगच्या फॉर्मवर, म्हणजे पत्ता नोंदवताना, "सिंगल टाक, कोण बघतंय" असं आपलेच लोक सांगतात. टाकू नका. तिथनं ते टॅक्सच्या नोंदीत जातं, पुढं खरं सांगताना तुम्ही खोटारडे ठरता. एका पोरीचं दुसरं लग्न दीड वर्ष अडलं ते याच्यामुळं. लाज कशाची वाटायची? कोर्टानं दिलेला निकाल आहे तो, चोरी नाही. महाराष्ट्र मंडळात बायका कुजबुजतील, गणपतीत विचारतील, विचारू देत.

आणि स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी, काडीमोड घेऊन येणाऱ्यांनो, चार पंचांच्या सह्यांवर इथं काही होत नाही. रूढीनं झालेल्या घटस्फोटाला कायद्यात जागा आहे पण ती रूढी सिद्ध करावी लागते. यायच्या आधी कोल्हापुरातल्या चांगल्या वकिलाला भेटा.

ज्यांचा घटस्फोट इथं जर्मनीत झालाय त्यांचं उलटं. निकाल ज्या आम्ट्सगेरिश्टनं, म्हणजे इथल्या खालच्या कोर्टानं, दिला त्याला फाईल नंबर, ज्यात मधे एफ अक्षर असतं, तो लिहून रेश्ट्सक्राफ्टच्या नोंदीसकट प्रत मागायची, वकील लागत नाही. पासपोर्टवरनं जोडीदाराचं नाव काढताना तीच लागते. पण समोरचा हजर नसताना एकतर्फी झालेला जर्मन निकाल भारतात तसाच चालेल असं धरू नका, सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्येच परदेशी घटस्फोटाबाबत कडक नियम घालून दिलेत. तसं असेल तर कोल्हापूरच्या वकिलाला जर्मन निकालाचं भाषांतर आधी पाठवा आणि मगच पुढचं लग्न ठरवा.