प्रेसमध्ये नवीन लागणाऱ्या डिझायनरसाठी: रंग कागदावर कसा उतरतो

अप्लाइड आर्ट करून किंवा नुसता डीटीपीचा क्लास करून जी मुलंमुली ऑफसेट प्रेसमध्ये डिझायनर म्हणून लागतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी बरीच वर्षं पुण्यात प्रीप्रेस करतेय, म्हणजे डिझाईन तयार झाल्यापासून प्लेट (ज्यावरून मशीन छापतं तो पत्रा) निघेपर्यंतचं मधलं सगळं काम. नवीन येणारी पोरं हुशार असतात, कोरल आणि फोटोशॉप भराभर चालवतात, पण रंगाच्या बाबतीत त्यांचा सगळा विश्वास स्क्रीनवर असतो. तो विश्वास जितक्या लवकर कमी होईल तितकं बरं. रंग शेवटी ठरतो तो शाई, कागद आणि तुम्ही तो कुठल्या उजेडात बघताय यावर, स्क्रीनवर दिसतो तो त्याचा अंदाज.

आधी थोडं सायन्स, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम आपोआप समजतं. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, लाल हिरवा निळा, तिन्ही पूर्ण पेटले की पांढरं. कागद स्वतः काहीच फेकत नाही, ट्यूबलाईटचा किंवा खिडकीतला उजेड त्याच्यावर पडतो आणि परत येतो, आणि मध्ये शाईचा साधारण एका मायक्रॉनचा पातळ थर असतो तो त्या उजेडातला एक भाग खाऊन टाकतो. सायन (आकाशी निळी) शाई लाल खाते, मॅजेंटा (गडद गुलाबी) हिरवा खाते, यलो (पिवळी) निळा खाते. म्हणजे ऑफसेटची शाई ही भिंतीच्या पेंटसारखी झाकणारी नसते, ती पारदर्शक असते आणि तिच्या आरपार जाऊन खालचा कागदच आपल्याला दिसत असतो. म्हणून सायन, मॅजेंटा, यलो, काळा या चार शायांनंतर कागद हा पाचवा रंग आहे हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते. तीच फाईल, तीच प्लेट, गुळगुळीत कोटिंगच्या आर्ट पेपरवर झगझगीत आणि कोटिंग नसलेल्या मॅपलिथोवर मळकी दिसते, त्यात मशीनमनचा काही दोष नसतो.

आता पुस्तकात लिहिलेलं असतं की सायन, मॅजेंटा, यलो सारखे घेतले की करडा रंग मिळतो. प्रत्यक्षात मिळतो चॉकलेटी. कारण खऱ्या शाया तेवढ्या शुद्ध नसतात, सायन थोडा हिरवा पण खातो, मॅजेंटा निळ्यातला बराच भाग खातो. म्हणून न्यूट्रल ग्रे पाहिजे असेल तर सायन जास्त ठेवावा लागतो, मधल्या टोनला साधारण सायन ५० टक्के तर मॅजेंटा ४० आणि यलो ४०. हा आकडा पाठ करून टाका. फोटोत पांढरा शर्ट, सिमेंटची भिंत, देवळातली दगडी पायरी असं काही असेल तर तिथे आयड्रॉपर ठेवून बघा, आकडे या प्रमाणाच्या जवळ असतील तर फोटोचा बॅलन्स ठीक आहे, मग स्क्रीन काहीही दाखवू दे. आणि चौथी काळी शाई याचसाठी लागते, तिन्ही मिळून खरा काळा होत नाही, वर मजकूर जर तीन रंगांत छापला तर कागद केसभर जरी सरकला तरी अक्षराला रंगीत कडा दिसायला लागते.

पहिल्या पगारातून एक भिंग घ्या, दहा पटीचं चालेल. आणि मग जे हाताला लागेल ते त्याच्याखाली धरा, बिस्किटाचा पुडा, लग्नपत्रिका, कॅलेंडर, पेपरमधली जाहिरात. गालाचा गुलाबी रंग म्हणून जे दिसतं तिथे गुलाबी नावाची शाईच नसते, मॅजेंटाचे आणि यलोचे ठिपके असतात, मध्ये मध्ये सायनचे बारीक ठिपके, आणि उरलेला पांढरा कागद. हे ठिपके नीट बघितलेत तर लक्षात येईल की प्रत्येक रंगाच्या ओळी वेगळ्या कोनात तिरक्या आहेत, बहुतेक ठिकाणी यलो ०, सायन १५, काळा ४५ आणि मॅजेंटा ७५ अंशांवर, आणि त्या एकमेकांवर बसून छोट्या छोट्या फुलांसारखी नक्षी होते. हे कोन तीस तीस अंशांनी लांब ठेवतात कारण जवळ आले की जाळी दिसते, मॉयरे म्हणतात त्याला. यलोला मात्र १५ अंशांतच भागवावं लागतं, आणि ते चालून जातं कारण यलो डोळ्याला सगळ्यात कमी टोचतो. घरात जुने दिवाळी अंक असतील तर दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं पण भिंगाखाली बघा, त्या काळी हाफटोन ब्लॉक करून छपाई व्हायची, आणि इतक्या कमी साधनांत त्या लोकांनी साडीच्या काठाचा आणि चेहऱ्याचा रंग कसा काढलाय ते बघून मला अजूनही भरून येतं.

मॉयरेचा विषय निघालाच आहे तर साड्यांच्या कॅटलॉगचं सांगते. पैठणीच्या किंवा इरकलच्या फोटोत धाग्यांची स्वतःची एक बारीक जाळी असते, ती कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या जाळीशी भांडते आणि मग प्लेटच्या ठिपक्यांशी पण भांडते. स्क्रीनवर १०० टक्के झूम करून बघितलं तर काही वेळा पदरावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात, ते कॅमेऱ्यातून आलेले. ते फोटोतच काढावे लागतात, जमलं तर फोटोग्राफरला सांगून थोडं अंतर किंवा अँगल बदलून परत फोटो काढून घ्या. छपाईत होणारा मॉयरे मात्र साध्या प्रूफवर, म्हणजे छपाईआधी काढलेल्या नमुना प्रिंटवर, दिसतच नाही कारण इंकजेट प्रूफचे ठिपके वेगळेच असतात. अशा कामाला काही प्रेस एफएम स्क्रीनिंग वापरतात, त्यात ठिपके ओळीत नसतात, विखुरलेले असतात, त्यामुळे भांडायला जाळीच उरत नाही. आपल्या प्रेसमध्ये ती सोय आहे का ते विचारून ठेवा.

डॉट गेन हा दुसरा मोठा विषय. शाई कागदावर दाबली की ठिपका पसरतो आणि वर कागदाच्या आत उजेड विखुरतो त्यामुळे तो आणखी मोठा भासतो. फाईलमधला ५० टक्क्यांचा ठिपका चांगल्या आर्ट पेपरवर ६५ च्या आसपास दिसतो आणि न्यूजप्रिंटवर ७५ च्या पुढे जाऊ शकतो. म्हणून पेपरमधल्या जाहिरातीत सावलीतला चेहरा काळाठिक्कर होतो. योग्य प्रोफाईल (त्या कागदावर त्या शाया कशा दिसतात याची फाईल) लावून स्क्रीनच्या आरजीबीचं चार शायांचं सीएमवायके केलं तर सॉफ्टवेअर हे आधीच धरून चालतं, पण फोटोशॉप नवीन टाकलं की बहुतेक कॉम्प्युटरवर अमेरिकन स्वॉप प्रोफाईल लागलेलं असतं आणि कोणी ते बघत पण नाही. प्रेसमध्ये विचारा कुठलं प्रोफाईल धरायचं, बरेच जण कोटेड फोग्रा ३९ सांगतील. त्याच्याबरोबरच टोटल इंक विचारा. चारी रंगांची बेरीज आर्ट पेपरला ३०० च्या आसपास ठेवा, मॅपलिथोला २६० ते २८०, न्यूजप्रिंटला २४०. त्याच्यावर गेलं की शाई सुकत नाही आणि वरच्या शीटच्या पाठीला डाग लागतात, सेट ऑफ म्हणतात. मोठ्या काळ्या बॅकग्राऊंडला नुसता काळा १०० दिला तर तो धुरकट दिसतो म्हणून खाली सायन ४० टाकतात, पण चारी १०० करून ४०० चा काळा कधीही करू नका.

मराठी मजकुराचं एक वेगळं सांगायला पाहिजे कारण बाहेरच्या ट्युटोरियलमध्ये हे कुठेच नसतं. गडद चार रंगी बॅकग्राऊंडवर पांढरी अक्षरं काढायची असतील तर देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार, ऋकार हे इतके बारीक असतात की रजिस्ट्रेशन, म्हणजे चारी रंग एकमेकांवर बरोबर बसणं, जरा आऊट गेलं की ते भरून जातात. इंग्रजी अक्षर त्याच साईजला टिकतं, आपलं टिकत नाही. अशा वेळी बोल्ड फाँट घ्या, साईज वाढवा, नाहीतर बॅकग्राऊंडच एका दोन रंगांत बसवा. काळा मजकूर नेहमी फक्त काळ्या प्लेटवर आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापलेला. फाईल देताना श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटचा मजकूर कर्व्ह करूनच (अक्षरांचे आकार करूनच) द्या, आणि कर्व्ह केल्यावर एकदा शांतपणे वाचून काढा, जोडाक्षर तुटलं असेल तर तेव्हाच सापडेल.

काही रंग सीएमवायकेमध्ये येतच नाहीत हे क्लायंटला आधीच सांगायची सवय लावा. स्क्रीनवरचा पेटलेला भगवा हा त्यातला पहिला. मॅजेंटा ६० यलो १०० पर्यंत जाऊन चांगला भगवा मिळतो, पण तो उजेड फेकणारा भगवा नसतो. पोपटी हिरव्याचं तेच. गडद निळा तर हमखास जांभळा होतो, तिथे मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी ठेवा, १०० ला ७० किंवा त्याहून कमी. कुंकवाचा लाल मात्र छान येतो, मॅजेंटा १०० यलो १००. बजेट असेल आणि लोगोचा रंग महत्त्वाचा असेल तर स्पेशल शाई सुचवा, मशीनला पाचव्या शाईचं युनिट आहे का ते बघून.

चेहऱ्यांबद्दल मला मनापासून सांगायचंय. आपल्याकडच्या त्वचेला मॅजेंटा आणि यलो जवळजवळ बरोबरीने, यलो थोडा वर, आणि सायन त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, सावळ्या रंगाला सायन त्याहून थोडा जास्त. मॅजेंटा वर गेला की माणूस भाजल्यासारखा दिसतो, सायन फार वर गेला की आजारी. क्लायंट म्हणतो "जरा उजळ करा", आणि नवीन डिझायनर सरसकट सगळा चेहरा फिका करून टाकतो, नाकाची कड जाते, गालाचा गोलावा जातो, माणूस ओळखू येत नाही. बऱ्याच वेळा त्याला उजळ म्हणजे स्पष्ट पाहिजे असतं. सावलीतला काळा थोडा काढा, कपाळावरचा उजेड राहू द्या, आणि त्वचेचा रंग जो आहे तो ठेवा. सावळा चेहरा सावळाच सुंदर छापता येतो, त्याला मेहनत लागते आणि ती आपण घेतलीच पाहिजे.

डोळ्याचं पण ऐका. शेजारचा रंग बदलला की तोच रंग वेगळा दिसतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता, तिथे काळी लोकर नीट काळी दिसत नाही अशी तक्रार होती, त्याने तपासलं तर रंगाईत काही खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका वाटत होता. त्यावर त्याने १८३९ साली अख्खं पुस्तक लिहिलं. क्लायंट मुखपृष्ठ बघून म्हणतो करडा हिरवट दिसतोय आणि तुमचे आकडे बरोबर आहेत, तर शेजारी मोठा लाल पट्टा आहे का ते आधी बघा. पांढऱ्या कागदाला भोक पाडून त्यातून फक्त तो करडा दाखवा, लगेच पटतं.

उजेडाचं तर विचारूच नका. प्रूफ नेहमी ५००० केल्विनच्या लाईटखाली बघायचं, तसं बूथ नसेल तर दुपारी सावलीच्या खिडकीत. दोन छापील नमुने एका लाईटखाली जुळतात आणि दुसऱ्या लाईटखाली फाटतात, याला मेटामेरिझम म्हणतात, आणि पिवळ्या एलईडीखाली ओके केलेला रंग क्लायंटच्या ऑफिसात पोचला की फोन येतो. मॉनिटरचा ब्राईटनेस पण कमी करा, फार झगझगीत ठेवला की छापलेलं सगळंच काळं वाटतं. नाईट मोड बंद.

आणि मशीनजवळ उभं राहायला शिका. शीट निघाली की मशीनमन रंग कमीजास्त करतो तो इंक कीने, आणि प्रत्येक की शीटच्या एका उभ्या पट्ट्याची शाई सांभाळते. म्हणजे तुमच्या मुखपृष्ठावरचा लाल वाढवायला सांगितला तर त्याच पट्ट्यात वरखाली लावलेली दुसरी पानं पण लाल होणार. म्हणून फक्त "लाल वाढवा" म्हणू नका, पूर्ण शीट बघा, काय कुठल्या रांगेत आहे ते बघा, मग बोला. वयाने मोठे मशीनमन असतील तर त्यांना काका म्हणून नीट विचारा, काय दिसतंय ते सांगा आणि उपाय त्यांना सुचवू द्या, त्यांना यलो कमी करून जे साधतं ते आपल्याला मॅजेंटा वाढवून सुचत असतं. आणि ओली शीट सुकल्यावर थोडी दबते, मॅट लॅमिनेशन केल्यावर आणखी, हे धरूनच ओके द्या.

शिक्षणाचं विचाराल तर अप्लाइड आर्टची डिग्री असेल तर उत्तम पण ती पुरत नाही. मुंबईत शासकीय मुद्रणतंत्र संस्था आहे, पुण्यात पीव्हीजीमध्ये प्रिंटिंगचं इंजिनिअरिंग शिकवतात, जमत असेल तर तिकडे बघा. पुस्तकांच्या आणि पत्रिकांच्या कामाबरोबर पॅकेजिंग पण शिकून घ्या, तिथे रंगातला फरक डेल्टा ई नावाच्या आकड्यात मोजतात आणि बरेच ब्रँड २ च्या आतच पाहिजे म्हणून अडून बसतात, हात पक्का होतो. कामाला लागायच्या आधी डोळ्यांची इशिहारा टेस्ट (रंगीत ठिपक्यांतून आकडे ओळखायची) करून घ्या, विशेषतः मुलांनी, कारण लाल हिरव्यातला फरक कमी दिसणं हे एक्स क्रोमोसोमवरून येतं आणि मुलांमध्ये खूप जास्त आढळतं. तसं निघालं तरी या धंद्यात आकड्यांवर चालणारी भरपूर कामं आहेत, लेआऊट, इम्पोझिशन (मोठ्या शीटवर पानं मांडणं), प्लेट.

आणखी एक, ओके केलेल्या शीटवर सही आणि तारीख घालून ती पाकिटात, अंधारात ठेवा, रिप्रिंटला तीच लागते. भिंतीवर लावून ठेवू नका. साध्या शायांमध्ये यलो आणि मॅजेंटा उन्हाने आधी उडतात, सायन आणि काळा टिकतात, दुकानाच्या काचेवरचे जुने पोस्टर निळे पडलेले दिसतात ते त्यामुळेच. वर्षभर उजेडात राहिलेल्या शीटशी मॅच करायला घेतलंत तर नवीन छपाईत यलो कमी करत बसाल.