कॉस्मोलीन ग्रीसने लडबडलेली जुनी मोसिन रायफल घरच्या घरी कशी साफ करायची

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना जुन्या लष्करी रायफलींचा नाद लागलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. भारतात असली सरप्लस (लष्कराने विकून टाकलेली) बंदूक कोणी घरी आणून पुसत बसणार नाही, शस्त्र कायदा तिथे फारच कडक आहे. पण जुन्या लेथचे पार्ट, ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेला व्हाइस किंवा बेअरिंग कोणी साफ करत असेल तर त्यालाही यातलं अर्धंअधिक उपयोगी पडेल. आणि आधीच सांगतो, एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर इथे बंदूक घेणं काय, बाळगणंसुद्धा साधारणपणे कायद्याने मना आहे. शिकारीचं लायसन्स वगैरे ठराविक अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारा, मित्राला नको.

माझी रायफल म्हणजे मोसिन-नागान ९१/३०, सोव्हिएत सैन्याची जुनी रायफल, १९४२ सालची, इझेव्हस्कच्या कारखान्यातली (त्रिकोणात बाणाचा शिक्का असतो, ताऱ्यात बाण दिसला तर ती तुला शहरातली). महायुद्धानंतर सोव्हिएत लोकांनी असल्या लाखो रायफली दुरुस्त केल्या, ग्रीस फासलं, लाकडी खोक्यात वीस-वीस भरल्या आणि कोठारात ठेवून दिल्या. पुढे त्या अमेरिकेत आल्या आणि दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत शंभर-सव्वाशे डॉलरला मिळायच्या, आता तो भाव विसरा. खोक्यातून निघालेली रायफल हातात घेतली की पहिल्यांदा असं वाटतं कोणीतरी हिच्यावर काकवी ओतून चाळीस वर्षं विसरून गेलाय.

हे जे चिकट तपकिरी असतं त्याला इथे सरसकट कॉस्मोलीन म्हणतात. तो मुळात एका अमेरिकन कंपनीचा ब्रँड, रशियन लोक स्वतःच्या वंगणाला 'तोफेची चरबी' अशा अर्थाचं नाव वापरतात, पण जात एकच, पेट्रोलियमपासून केलेलं मेणचट व्हॅसलीन. ताजं असताना मऊ असतं. वर्षानुवर्षं त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे घट्ट मेण उरतं, म्हणून तर ते घासून निघत नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. पण साधारण ४५ ते ५० डिग्री सेल्सिअसला ते थिजलेल्या तुपासारखं वितळायला लागतं आणि मिनरल स्पिरिट्समध्ये (पेंट पातळ करायचं एक सॉल्व्हंट) विरघळतं. ऊन आणि सॉल्व्हंट, काम हे दोघं करतात. आपण चिंध्या बदलत राहायच्या.

आधी बंदूक रिकामी आहे ना बघा

'कालच दुकानातून आणली', 'खोक्यातून निघाली', असलं काही मी ऐकून घेणार नाही. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडा, मॅगझिन बघा, मग टॉर्च मारून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) बघा आणि करंगळी घालून चाचपा, कारण ग्रीसच्या गोळ्याखाली काय आहे ते नुसतं बघून कळत नाही. काम चालू असताना काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत. आणि ग्रीस पूर्ण निघेपर्यंत 'एक बार काढून बघू' हा मोह नको, नळीत गच्च ग्रीस असताना गोळी झाडली तर नळी फुगू शकते, फाटूही शकते.

सामान फार नाही. मिनरल स्पिरिट्सचा एक गॅलन (पेंटच्या दुकानात मिळतं, लॅकर थिनर उचलू नका ते वेगळं), नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, जुने टीशर्ट फाडून केलेल्या भरपूर चिंध्या, टूथब्रश, नायलॉनचे ब्रश, क्लिनिंग रॉड आणि पॅच (नळीतून ढकलायचे कापडाचे तुकडे), झाकणाचा एक पत्र्याचा डबा, आणि बंदुकीचं तेल. पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ कडाक्याच्या थंडीतसुद्धा पेट घेते आणि गॅरेजमध्ये वॉटर हीटरची पायलट ज्योत असू शकते. गॅरेजचं शटर उघडं ठेवा, नाहीतर ड्राइव्हवेवरच बसा.

माझे बाबा भोसरीला लेथवर होते. त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाले, अरे एवढं काय त्यात, रॉकेलात बुडवून ठेव रात्रभर, सकाळी ब्रश मार. आणि खरं सांगायचं तर तेच आहे, रॉकेलसुद्धा चालतं, फक्त त्याचा वास जास्त आणि मागे तेलकटपणा राहतो.

सुटे भाग करणं

बोल्ट मागे ओढा, ट्रिगर दाबून धरा आणि तसाच मागे खेचत राहा की बोल्ट हातात येतो. मग नळीखालचा रॉड आटे फिरवून काढा, नळी आणि लाकूड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंग दाबून दोन्ही पट्ट्या पुढे सरकवा, वरचं लाकडी कव्हर निघतं. दोन मोठे स्क्रू, एक मॅगझिनच्या पुढे खालून, एक मागच्या शेपटीत वरून. ते काढले की मॅगझिन खाली आणि नळी वर उचलून येते. स्क्रूच्या खाचेत ग्रीस भरलेलं असतं, ते आधी टोकदार काडीने काढा आणि खाचेत नीट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या नाहीतर खाच सोलवटते. प्रत्येक पायरीला फोटो. मी आइस्क्रीमच्या डब्यात पार्ट ठेवले होते, वर चिकटपट्टीवर नाव लिहून.

छोटे पार्ट डब्यात टाका, बुडतील एवढं स्पिरिट्स ओता, झाकण लावा आणि जेवून या. रात्रभर राहिले तरी चालतं. नंतर टूथब्रशने पाचेक मिनिटात लख्ख होतात. नळी मोठी असते, रायफल जवळजवळ सव्वा मीटर लांब, तर तिच्यासाठी एका बाजूला टोपण चिकटवलेला प्लंबिंगचा पाइप घ्या, उभा बांधा, त्यात नळी सोडा आणि स्पिरिट्स भरा. पाइपचं मी ऐकलं होतं पण केलं नाही. मी बाहेरून चिंध्यांनी पुसलं आणि आतून स्पिरिट्सने भिजवलेले पॅच मागच्या बाजूने ढकलत राहिलो. पहिला पॅच पुढून निघाला तेव्हा त्याच्यासोबत बोटभर लांब तपकिरी शेवई बाहेर आली, त्यात खोबणींचे आटेसुद्धा उमटलेले. वीस-पंचवीस पॅच गेले. पांढरा पॅच पांढराच बाहेर येईपर्यंत थांबू नका.

उकळत्या पाण्याची पण एक पद्धत आहे आणि ती चांगली आहे, नळीत फनेलने उकळतं पाणी ओतायचं, ग्रीस वितळून वाहून जातं आणि धातू इतका तापतो की आपोआप सुकतो. लगेच तेल लावलं नाही तर डोळ्यासमोर नारिंगी गंज धरतो एवढंच. पण हे अंगणात करा. मी जानेवारीत, बाहेर बर्फ म्हणून, किचनच्या सिंकमध्ये केलं. गरम असताना सगळं छान वाहून गेलं आणि खाली गार पाइपात जाऊन पुन्हा मेण झालं. दोन दिवसांनी सिंक तुंबलं, प्लंबर आला, त्याने पाइपातून काढलेला तो तपकिरी गोळा बघून विचारलं की तुमच्याकडे मेणबत्त्या करतात का. बायकोने उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

बोल्ट, इथे घाई नको

बाकी सगळं चकाचक आणि बोल्टच्या आत ग्रीस तसंच, असं खूप जण करतात. मागचा गुंडा ओढून फिरवून ताण सोडा, पुढचं डोकं आणि पट्टी निघते, मग त्याच पट्टीची खाच वापरून मागचा गुंडा फायरिंग पिनवरून (काडतुसाला ठोका देणारी पिन) उलटा फिरवून काढा. स्प्रिंग जोरात असते, तोंड समोर आणू नका. काढण्याआधी पिनच्या मागच्या टोकावरची खूण गुंड्याशी कशी जुळते तेवढं बघून ठेवा. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये आणि पोकळ भागात घट्ट झालेलं मेण असतं, त्याने पिन मंदावते आणि थंडीत काडतूस पेटतच नाही. बसवताना पिन किती पुढे येते ते मोजायचं, रायफलसोबत मिळणाऱ्या चपट्या टूलवर ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात (इंचाचे हजारावे भाग), पिन ७५ च्या खाचेला टेकली पाहिजे आणि ९५ च्या खाचेला नाही.

मोसिनऐवजी एसकेएस (पुढची गोळी आपोआप भरणारी सोव्हिएत बनावटीची रायफल) असेल तर हा भाग दोनदा वाचा. तिची फायरिंग पिन मोकळी, बहुतेक मॉडेलमध्ये स्प्रिंगशिवाय असते. ग्रीसमुळे ती पुढे अडकून बसली तर बोल्ट बंद होतानाच गोळी सुटते, एक नाही, एकामागोमाग एक सुटू शकतात. बोल्ट कानाशी हलवला की पिन आत खुळखुळली पाहिजे.

चेंबरचं पण तसंच. मोसिनचा बोल्ट गोळी झाडल्यावर उघडत नाही, हातोडा लागतो, अशी जी तक्रार ऐकता त्यातल्या बऱ्याच वेळा चेंबरच्या भिंतीला वार्निशसारखं वाळलेलं कॉस्मोलीन असतं, काडतूस तापलं की ते चिकट होतं आणि काडतुसाचं रिकामं कवच धरून ठेवतं. २० गेजच्या शॉटगनचा ब्रश स्पिरिट्समध्ये बुडवा, रॉडच्या तुकड्याला लावा आणि ड्रिलवर हळू फिरवा, मध्ये मध्ये पुसून टॉर्चने बघा.

लाकूड

धातूला एक दुपार लागते, लाकडाला आठवडा. कॉस्मोलीन लाकडात मुरलेलं असतं, वरून कितीही पुसा, उन्हात ठेवलं की परत घाम फुटतो. तोच घाम काढायचा. दस्ता पेपर टॉवेलमध्ये गुंडाळा, काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घाला आणि कडक उन्हाच्या दिवशी बंद गाडीत ठेवा. दोन-तीन तासांनी कागद तेलकट पारदर्शक होतात, भज्यांखालच्या पेपरसारखे, ते बदला आणि पुन्हा ठेवा. असं चार-पाच वेळा. फक्त लाकूड ठेवा हं, अख्खी रायफल गाडीत ठेवून ऑफिसला जाऊ नका. आमच्या शेजारच्या आजोबांनी ती लांबडी काळी पिशवी काचेतून बघून मला सावकाश विचारलं होतं की सगळं ठीक आहे ना.

मोसिनच्या लाकडावर शेलॅक असतं, म्हणजे आपली लाखच. लाख गरमीने मऊ पडते, त्यामुळे कागद चिकटू शकतो, तासातासाने बघत राहा. हीट गन वापरायची तर लांबूनच, नाहीतर फोड येतात. अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते, मिनरल स्पिरिट्सने विरघळत नाही म्हणून तेच वापरा. ओव्हन नाही, डिशवॉशर नाही, लाकूड फुगतं आणि तडकतं. आणि सँडपेपरला हातही लावू नका, त्या लाकडावर कारखान्याचे, दुरुस्तीचे शिक्के असतात, पाच मिनिटात घासून गेले की किंमत गेली आणि इतिहासही गेला. माझ्या दस्त्यावर मूठभर जागेत कोणीतरी चाकूने खुणा केल्यात, कशाच्या माहीत नाही, ग्रीस निघाल्यावरच दिसल्या.

उरलेल्या चिंध्यांचं सांगतो. गोळा करून डब्यात कोंबू नका, बाहेर पसरून वाळवा. खासकरून नंतर दस्त्याला जवसाचं तेल लावलं असेल तर त्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्या पाण्यात भिजवून पत्र्याच्या डब्यात ठेवा. वापरलेलं स्पिरिट्स बरणीत दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं नितळ परत वापरता येतं, गाळ कौंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या. नाल्यात नाही, सिंकमध्ये तर नाहीच.

सगळ्या धातूला तेलाचा पातळ हात फिरवा, नळी आणि चेंबरमधलं झाडायच्या आधी कोरडं पुसून घ्या, जोडणी करा आणि पहिल्यांदा रेंजवर नेण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधल्या काडतुसासाठीचं अंतर) तपासून घ्या. तिथे वीसेक गोळ्यांनंतर नळी तापली की लाकडाच्या सांधीतून पुन्हा तपकिरी थेंब येतील, माझ्या रायफलला अजून येतात, खिशात एक चिंधी ठेवा. एकदा तसाच पुसत बसलो होतो तर शेजारच्या बाकावर एका म्हाताऱ्याकडे ली-एनफिल्ड, म्हणजे जुनी ब्रिटिश लष्करी रायफल होती आणि त्याच्या जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर 'के एफ' (किर्की फॅक्टरी) असा शिक्का. म्हटलं काका, हे आमच्या पुण्याच्या खडकीचं. तो म्हणाला, हो का, यातली निम्मी पेटतच नाहीत.