पोर शाळेत यायचं थांबलं, तर पहिल्या आठवड्यात काय करायचं

"बाई, पोरगं शाळंला जायनाय. दंड हुईल काय आमास्नी?" करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. हा प्रश्न मला लोक डेअरीच्या रांगेतही विचारतात.

दंड होत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 10 मध्ये मुलाला शाळेत घालणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे एवढंच म्हटलंय, शिक्षा लिहिलेली नाही. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. म्हणून ग्रामसभेत हमखास कुणीतरी उठून "महाराजांगत दंड लावा" म्हणतं. मला ते पटत नाही. महाराजांनी नुसता दंड लावला नाही, आधी शिकायची सोय केली, वसतिगृहं काढली. आणि आजच्या कायद्यानं सक्ती टाकलीय ती सरकारवर. कलम 8 प्रमाणे 6 ते 14 वयाच्या मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होणं, या तिन्हींची जबाबदारी शासनाची आहे. तेव्हा गरीब आईला दारात जाऊन दरडावण्यापेक्षा ज्याचं काम आहे त्याच्याकडं मागा.

पण त्याआधी कारण शोधायला हवं, आणि तेही लगेच. मूल न कळवता महिनाभर सलग गैरहजर राहिलं की आपल्याकडं ते शाळाबाह्य धरतात. तोवर थांबू नका. तिसऱ्या दिवशी घरी जा. शिक्षक गेले तर उत्तमच, नाहीतर शेजारच्या मावशींनी जावं.

गेल्यावर दप्तर मागा आणि वह्यांवरच्या तारखा बघा. एका सहावीतल्या मुलाची आई मला म्हणाली, "रोज डबा भरून देतोय की ओ बाई, शाळंलाच जातंय त्ये." पोरगं दप्तर घेऊन निघायचं आणि गुऱ्हाळावर जाऊन बसायचं. चित्रकलेची वही चालू होती, गणिताची त्याआधीच थांबली होती, आणि मराठीची सगळ्यांच्या आधी. मराठीच्या वहीत शेवटच्या पानावर धड्याचं नाव लिहिलं होतं, खाली काही नाही. बापासमोर ते बोललं नसतं, म्हणून त्याला गोठ्याकडं नेऊन विचारलं. मोठ्यानं वाचताना जोडाक्षरावर अडलं, वर्ग हसला, तेवढंच. ती वही नसती बघितली तर आम्ही गुऱ्हाळवाल्याला दोष देत बसलो असतो. त्याला पुढं बसवून, शाळा सुटल्यावर अर्धा तास वाचन घेतलं आणि ते परत रुळलं.

कारण कळलं की कायद्यातलं कलम सापडतं. वर्गात मागं पडलं असेल तर कलम 24 प्रमाणे शिक्षकानं त्याला जादा शिकवायचं असतं. मध्येच शाळा सुटली असेल, तर कलम 4 प्रमाणे त्याला वयानुसार वर्गात बसवून वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं. मारलं असेल, अपमान केला असेल, तर कलम 17 प्रमाणे ते थेट बेकायदा आहे. "दांड्या मारतंय, नाव कमी करतो" असं कुणी म्हणालं तर कलम 16 दाखवा: आठवी पुरी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीच्या परीक्षेत नापास करायची वाट उघडली, काढून टाकायची नाही. मुलींचं कारण पुष्कळदा स्वच्छतागृहात पाणी नसणं हे असतं, आणि ते त्या सांगत नाहीत. ते बाईमाणसानंच विचारावं.

मग अर्ज. साधा कागद पुरतो: मुलाचं नाव, इयत्ता, कोणत्या तारखेपासून येत नाही, कारण, आणि काय हवंय ते एका वाक्यात. मुख्याध्यापकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला की नाही, हे कुणाला दाखवणार? एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला द्या. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, म्हणजे ही समिती तुमचीच. तिथं भागलं नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. शहरात महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती. कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडं (म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका यांच्याकडं) लेखी तक्रार केली की तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो आणि वर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील करता येतं.

ऊसतोडीच्या पोरांकडं मात्र आपण गावकरी काणाडोळा करतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात, खोपी पडतात, धाकट्याला सांभाळत एखादी आठ-नऊ वर्षांची पोर पाचटावर बसलेली असते. तिची शाळा गावाकडं सुटलेली असते. ती आपल्या हद्दीत राहते, म्हणजे तिच्या प्रवेशाची जबाबदारी कलम 9 नं इथल्या स्थानिक प्राधिकरणावर येते. टोळीच्या मुकादमाला भेटा, गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसरीकडं शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) आहे का विचारा. नसलं तरी अडत नाही. दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तिच्यासोबत धाकट्यालाही अंगणवाडीत न्या, नाहीतर ती दुसऱ्या दिवशी येणारच नाही.

14 वर्षांखालचं मूल कुणी हॉटेलात, गॅरेजात, वीटभट्टीवर कामाला ठेवलं असेल तर तिथं वाद घालू नका, 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा. मालकाला 6 महिने ते 2 वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत चालते. सकाळी डेअरीला दूध घालून पोर वेळेत शाळेत आलं तर माझी काही हरकत नाही.

मध्येच सुटलेलं मूल कलम 4 खाली परत आलं आणि आठवी व्हायच्या आत 14 चं झालं, तरी आठवी पुरी होईस्तोवर शिक्षण मोफतच राहतं. त्यापुढं शाळा जमलीच नाही तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्याची मुदत जवळच्या हायस्कुलात आधीच विचारून ठेवा.