दातांच्या तारा काढल्यावरचे पांढरे डाग : पेस्ट आणलीत ना, मग या चुका टाळा

माझ्या मुलीच्या दातांच्या तारा गेल्या वर्षी काढल्या आणि जिथे जिथे त्या चिकटवलेल्या होत्या त्याच्या कडेने दातांवर खडूसारखे पांढरे डाग, दोन वर्षं वाट बघितल्यावर हे बघून ती रडायलाच लागली. डॉक्टरांनी टूथ मूस (दातांवर लावायचं क्रीम) लिहून दिलं, पण वापरायचं कसं हे नीट कळलं नव्हतं त्यामुळे आमचा पहिला महिना वाया गेला, म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी ते काम कसं करतं ते बघा, म्हणजे चुका आपोआप लक्षात येतील. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, वजनाने ९६ टक्के खनिजच असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, म्हणजे आम्ल वाढलं, की ते विरघळायला लागतं आणि तारांच्या कडेला अन्न अडकून राहिलं की हे रोजच होतं. मग कॅल्शियम बाहेरून घासलं की झालं, असं वाटतं ना? नाही होत. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की लगेच त्यांचे कण बनून खाली बसतात, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जसा थर चढतो तसंच काहीसं, आणि एकदा घट्ट झालेलं खनिज दाताच्या आत शिरत नाही. आता दूध आठवा. त्यात एवढं कॅल्शियम असतं तरी तळाशी चुना बसत नाही कारण केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवतं. मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स आणि त्यांच्या टीमने याच केसीनचे तुकडे वापरून कॅल्शियम-फॉस्फेट न गोठता धरून ठेवलं, त्यालाच सीपीपी-एसीपी म्हणतात आणि टूथ मूसमध्ये ते १० टक्के असतं.

आमची पहिली चूक हीच की मुलगी ते पेस्टसारखं ब्रशवर घेऊन घासायची आणि खळखळून चूळ भरायची, म्हणजे महागाची ट्यूब बेसिनमध्ये गेली. आधी नेहमीच्या फ्लोराइड पेस्टने ब्रश करायचा, मग बोटावर थोडं मूस घेऊन डाग असलेल्या दातांवर लावायचं, तीन मिनिटं तसंच ठेवायचं, नंतर जिभेने सगळीकडे फिरवायचं आणि जास्तीचं थुंकून टाकायचं. चूळ भरायची नाही, अर्धा तास खायचं प्यायचं नाही. रात्री झोपायच्या आधी लावलेलं सगळ्यात बरं, कारण झोपेत लाळ कमी होते आणि एरवी दातांची राखण ती लाळच करत असते.

दुसरी मोठी चूक म्हणजे मूस आणलं म्हणून फ्लोराइडची पेस्ट बंद करणं. असं अजिबात करू नका प्लीज, किडीपासून बचावाचा सगळ्यात पक्का पुरावा अजूनही फ्लोराइडचाच आहे, मूस त्याच्या जोडीला आहे, बदल्यात नाही. बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, तर ट्यूबवरची यादी वाचा. यादी वाचताना अजून एक बघा, सेन्सिटिव्हिटीची प्रत्येक पेस्ट खनिज भरत नाही. पोटॅशियम नायट्रेटवाली फक्त ठणका कमी करते, दाताच्या नसेला शांत करून. कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट लिहिलं असेल तर ते नोव्हामिन, त्यातून लाळ लागल्यावर कॅल्शियम-फॉस्फेट सुटतं.

घरात कोणाला दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर मूस वापरायचंच नाही, ते दुधापासूनच बनतं. हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

लिंबू सरबत, कोकम, पन्हं, चिंचेची गोळी चघळणं, हे झाल्या झाल्या ब्रश करू नका. त्या वेळी एनॅमलचा वरचा थर मऊ पडलेला असतो आणि आपण तोच घासून काढतो. साध्या पाण्याने चूळ भरा (इथे चूळ चालते), थोडा वेळ जाऊ द्या. डाग जावेत म्हणून लिंबू-मीठ, कोळशाची पावडर किंवा मशेरी घासणं तर नकोच, ज्याचं खनिज आधीच गेलंय त्या जागी खरखरीत काही घासलं तर खड्डा पडायला किती वेळ लागणार.

आणि प्रत्येक पांढरा डाग तारांमुळे नसतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांचे दात हिरडीतून वर येतात तेच डाग घेऊन, दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच. तो फ्लोरोसिस. दात आत तयार होतानाच झालेला, त्यामुळे त्याचे उपाय वेगळे, स्वतःच्या मनाने मूस आणून पैसे घालवू नका. तसंच खड्डा पडला असेल तर कुठलीच पेस्ट तो भरत नाही, एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात वर आल्यावर उरतच नाहीत, तिथे फिलिंगच लागतं.

आठवड्याने आरशात बघून सोडून देणं हीसुद्धा आमच्याच घरातली चूक. आता महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, दात पुसून कोरडे करून फोटो काढतो. ओल्या दातावरही दिसतो तो डाग जास्त खोल, फक्त कोरड्यावर दिसतो तो वरवरचा. चार महिन्यांत पुढच्या दोन दातांचे डाग ओल्यात दिसेनासे झाले, सुळ्यांवरचे अजून तसेच आहेत आणि ते नाहीच गेले तर डॉक्टर त्यात पातळ रेझिन (प्लास्टिकसारखं द्रव्य) मुरवायचं म्हणतायत.