फाशीचा निकाल तपासायचा कसा? चुकीचा माणूस अडकला असेल तर ते कुठे दिसतं?

फाशी असावी की नसावी, यावर तुमचं मत काहीही असो, एक प्रश्न दोन्ही बाजूंना सोडवावाच लागतो: ज्याला फासावर न्यायचं ठरलं आहे, गुन्हा त्यानेच केला हे कशावरून? बातम्यांत याचं उत्तर क्वचितच असतं. ते निकालपत्रात असतं, आणि वकील नसलेल्या माणसालाही निकालपत्र वाचता येतं. पत्रकार, कार्यकर्ते, कायद्याचे विद्यार्थी आणि आरोपीचे किंवा मृताचे नातेवाईक यांना वापरता येईल अशी पद्धत इथे दिली आहे. सोबत एक वही आणि सवड हवी. मोठा निकाल एका बैठकीत उरकत नाही, उरकूही नये.

कागद गोळा करणं

सत्र न्यायालयाचा आणि उच्च न्यायालयाचा असे किमान दोन निकाल लागतात. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०७, जुन्या संहितेत कलम ३६६). त्या टप्प्यावर उच्च न्यायालयाला सगळा पुरावा नव्याने तपासावा लागतो. खटल्याचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर निकाल सापडतो. दोषी ठरलेल्या माणसाला निकालाची प्रत मोफत द्यावीच लागते, त्यामुळे घरच्यांनी आधी ती मागावी. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. समजून घ्यायला ते चांगले, पण पुराव्याचे परिच्छेद मूळ इंग्रजीशी ताडून पाहा.

वाचायला सुरुवात कुठून करायची

पहिल्या पानापासून नको. तिथे गुन्ह्याचं वर्णन असतं, आणि लहान मुलीवरचा अत्याचार किंवा अख्ख्या कुटुंबाची हत्या वाचल्यावर मन थाऱ्यावर राहत नाही. गुन्हा जितका भीषण, तितका कुणाला तरी पकडण्याचा दबाव पोलिसांवर जास्त. नेमक्या अशाच खटल्यांत फाशी होते, हे लक्षात ठेवून वाचा. थेट ‘मुद्दे व निष्कर्ष’ या तक्त्यावर जा, मग साक्षीदारांची आणि निशाणी (पुरावा म्हणून न्यायालयाने दिलेला क्रमांक) पडलेल्या कागदांची यादी पाहा. गुन्हा घडला हे सिद्ध करणारा पुरावा (शवविच्छेदन, घटनास्थळ पंचनामा) आणि तो याच माणसाने केला हे सांगणारा पुरावा, असे दोन वेगळे रकाने करा. कित्येक निकालांत पहिला रकाना भरगच्च असतो आणि दुसऱ्यात दोन-तीनच ओळी येतात. पुढची सगळी मेहनत त्या दोन-तीन ओळींवर करायची आहे.

तारखांचा तक्ता

रकाने चार: तारीख-वेळ, काय घडलं, कागदावर सही कुणाची, कागद किंवा वस्तू पुढे कुठे गेली. त्यात या नोंदी हव्याच: घटना, फिर्याद नोंदली ती वेळ, फिर्यादीची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे पोहोचली ती वेळ, पहिले जबाब, पुरवणी जबाब, अटक, निवेदन पंचनामा (आरोपीने दिलेली माहिती आणि त्यावरून सापडलेली वस्तू यांची पंचांसमोर केलेली नोंद), ओळख परेड (साक्षीदाराला इतर माणसांमधून संशयित ओळखायला लावणं), नमुने घेतले, नमुने प्रयोगशाळेत पोहोचले, अहवाल आला.

फिर्याद आणि दंडाधिकारी यांच्यात विनाकारण मोठं अंतर असेल, तर फिर्याद मागाहून लिहिली गेली का, असा प्रश्न उभा राहतो. पहिल्या जबाबात नसलेलं नाव पुरवणी जबाबात उगवतं तेव्हा मधल्या दिवसांत काय झालं ते शोधा. पोलिसांपुढच्या जबाबात न आलेली महत्त्वाची गोष्ट साक्षीदार कोर्टात पहिल्यांदा सांगतो, त्याला वकील ‘ओमिशन’ म्हणतात. उलटतपासाच्या परिच्छेदांत हा शब्द किती वेळा येतो आणि न्यायाधीशांनी त्याची दखल घेतली की ‘किरकोळ विसंगती’ म्हणून सोडून दिलं, हे टिपा.

निवेदन पंचनामा आणि जप्ती

पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. सर्वसाधारण कायद्यात अपवाद एकच: आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २७ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारलं तो गोठ्याच्या आढ्यावर ठेवलाय, काढून देतो’ यातलं ‘गोठ्याच्या आढ्यावर कोयता ठेवलाय, काढून देतो’ एवढंच ग्राह्य. ‘मी त्याला मारलं’ हे बाद. निकालात अख्खं वाक्य पुरावा म्हणून वापरलेलं दिसलं तर लाल खूण करा.

मग विचारा: जागा उघडी होती का? तिथे आणखी कोण राहत होतं? आधी झडती झाली होती आणि तेव्हा काही मिळालं नव्हतं, असं आहे का? पंच स्थानिक होते की पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीतले? पंच फितूर झाले असतील तर जप्ती केवळ तपास अधिकाऱ्याच्या शब्दावर उभी आहे. आणि भाषा. आरोपीला मराठी येत नसताना निवेदन मराठीत लिहिलं आणि त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याची नोंदच नाही, हा दोष सर्वोच्च न्यायालयाने ठाणे जिल्ह्यातल्या एका फाशीच्या खटल्यात १९ मे २०२३ रोजी दाखवला आणि आरोपीची सुटका केली. महाराष्ट्रात परप्रांतीय मजूर आरोपी असलेल्या प्रत्येक खटल्यात ही तपासणी करायलाच हवी. १ जुलै २०२४ नंतरच्या तपासांत झडती-जप्तीचं दृक्श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. चित्रीकरणाचा निकालात उल्लेख नसेल तर तेही टिपून ठेवा.

ओळख परेड

माणसं खोटं बोलतात म्हणून चुका होतात, असं आपल्याला वाटतं. ओळखीच्या बाबतीत मात्र प्रामाणिक साक्षीदारही चुकतो, आणि ठामपणे चुकतो. म्हणून इथे वेळ द्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेनुसार एका संशयितासोबत किमान सहा माणसं उभी करायची, दोघे असतील तर दहा-बारा. ती वयाने, बांध्याने, पेहरावाने मिळतीजुळती हवीत. अटकेनंतर किती दिवसांनी परेड झाली? त्याआधी फोटो छापून आला होता का? उजेड किती होता, चेहरा किती वेळ दिसला?

२००३ सालच्या नाशिकच्या एका दरोडा-खून-बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशी केली. बचावलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळीच चार माणसं ओळखली होती, आणि त्यांचा तपास झालाच नव्हता. हा कागद सुरुवातीपासून नोंदीत होता. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तीन पायऱ्या चढूनही चूक टिकली. ‘वरच्या कोर्टात सगळं तपासलं जातंच’ असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा.

११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये पाच जणांना फाशी झाली होती. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना सोडलं. १०० हून अधिक दिवसांनी टॅक्सीचालकांनी केलेली ओळख आणि अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने घेतलेली परेड न्यायालयाला पटली नाही. कबुलीजबाबांतले मजकूरही एकमेकांची नक्कल वाटावेत असे होते. मकोकाखाली (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो, म्हणून अशा खटल्यांत कबुलीजबाब शेजारी-शेजारी ठेवून वाक्यं जुळतात का ते पाहावं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. हे दोन्ही एकत्रच सांगायला हवं.

डीएनए जुळला म्हणजे संपलं का?

नाही. प्रयोगशाळा फक्त आपल्या हाती आलेल्या दोन नमुन्यांविषयी बोलते. ते नमुने कुणाचे, कुठून आले, मध्ये कुणी हाताळले, हे कागदांनी सिद्ध करायचं असतं. डॉक्टरांनी नमुना घेतल्याची वेळ, लाखेच्या सीलचा ठसा, मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीतली नोंद, नेणाऱ्या हवालदाराची साक्ष, प्रयोगशाळेची पोच, या पाच कड्या शोधा. एक जरी गायब असेल तर अहवालाचं वजन घटतं. वरच्या ठाण्याच्या खटल्यात नमुने पाठवायला झालेल्या उशिराचं कारण कुणीच दिलं नव्हतं. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात नमुने दहा-बारा दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीचे तिन्ही आरोपी सुटले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्याचा आणि हस्तांतराची नोंदवही ठेवण्याचा दंडक घालून दिला. त्यानंतरच्या प्रत्येक खटल्यात तो लावून पाहा.

साखळीची कसोटी

प्रत्यक्षदर्शी नसेल तर सगळं परिस्थितिजन्य पुराव्यावर उभं असतं. त्याची पाच तत्त्वं पुण्याच्याच एका खटल्यातून आली: शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. सत्र न्यायालयाने दिलेली आणि उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून आरोपीला सोडलं, तोच हा निकाल. प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी; सगळ्या परिस्थिती फक्त दोषाशीच जुळाव्यात; त्या निर्णायक असाव्यात; दुसरी कुठलीही शक्यता उरू नये; साखळी अखंड असावी. वहीत प्रत्येक परिस्थितीपुढे ‘सिद्ध’, ‘शंकास्पद’ किंवा ‘नोंदच नाही’ लिहा. ‘शंकास्पद’ कड्या बाजूला काढून उरलेल्या वाचा. त्यातून आरोपीचंच नाव निघतं का?

शिक्षेचा भाग

इथे तीन गोष्टी पाहायच्या. दोषी ठरवल्याच्याच दिवशी फाशी सुनावली का? आरोपीचं बालपण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक यांचे अहवाल मागवले का? सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२२ च्या ‘मनोज’ निकालापासून ते मागवणं अपेक्षित आहे. आणि सुधारणेची शक्यता नाही हे कशाच्या आधारे म्हटलं? फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ खटल्यात द्यावी, हा १९८० च्या बचन सिंग निकालातला शब्दप्रयोग नुसता उद्धृत करणं पुरेसं नाही.

वयाचे कागद मात्र स्वतंत्रपणे आणि सगळ्यात आधी पाहा. १९९४ च्या पुण्यातल्या हत्याकांडातला एक आरोपी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे शाळेच्या नोंदीवरून मार्च २०२३ मध्ये मान्य झालं. तोवर त्याची २८ वर्षांहून अधिक तुरुंगात गेली होती. अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो. शाळेचा दाखला, नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद मिळवा.

पोकळी सापडली तर

टिपण परिच्छेद क्रमांकांसह लिहा आणि आरोपीच्या वकिलाकडे द्या. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही मदतवाहिनी आहे. लिहिताना ‘संशयाचा फायदा’ आणि ‘गुंतवल्याचं आढळलं’ यांत गल्लत करू नका. मृताच्या घरच्यांवर आरोपाचा सूर नको. खरा गुन्हेगार मोकळा राहिला असेल तर सगळ्यात मोठा अन्याय त्यांच्यावरच झालेला असतो.

मुदती ध्यानात ठेवा. सर्वोच्च न्यायालयात पुनर्विलोकन याचिका (त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा अशी विनंती) ३० दिवसांत दाखल करायची. २०१४ पासून फाशीच्या प्रकरणात ती तीन न्यायाधीशांपुढे खुल्या न्यायालयात ऐकली जाते. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला आणि कुटुंबाला लेखी कळवल्यानंतर फाशीपर्यंत किमान १४ दिवस मिळायला हवेत. तेवढ्या अवधीत न्यायालयात जायचं, तर कागदांचा संच, तारखांचा तक्ता आणि वयाचे पुरावे त्याच्या कितीतरी आधी तयार असावे लागतात.