भाडे थकले, पुढे काय? नागपुरातील घरमालक आणि भाडेकरूंसाठी कायदेशीर मार्गदर्शन

नागपुरात भाड्याला आजही सर्रास ‘किराया’ म्हणतात, आणि तो चारसहा महिने थकला की घरमालक विचारतो, “खोली खाली कशी करायची?”, तर भाडेकरू विचारतो, “मला असे काढता येते का?” दोघांनाही उत्तर देण्याआधी करार मागून वाचावा लागतो. त्यावर ‘भाडेपट्टा’ (जागेवर भाडेकरूचा हक्क निर्माण करणारा करार) लिहिले आहे की ‘लिव्ह अँड लायसन्स’ (ठरावीक मुदतीसाठी फक्त वापराची परवानगी), यावर पुढचे कार्यालय, पुढची मुदत आणि बचावाची संधी अवलंबून असते.

आधी एक जुना गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश लागू होता आणि त्याखाली भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. महाल किंवा इतवारीतील जुन्या वाड्यांचे मालक अजूनही याच परवानगीविषयी विचारतात. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, त्याने तो आदेश रद्द केला, आणि आता थकबाकीच्या कारणावरून ताबा मागणाऱ्या मालकाला नोटिशीची मुदत संपल्यावर थेट न्यायालयात दावा दाखल करता येतो. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘दोन महिने भाडे थकले की घर खाली’ अशा संदेशांवरही विसंबू नये. २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा हा केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे आणि राज्याने तो स्वीकारल्याशिवाय येथे लागू होत नाही.

घर भाडेपट्ट्याने दिलेले असेल, तर सर्वांत महत्त्वाचे १९९९ च्या अधिनियमाचे कलम १५. जो भाडेकरू प्रमाण भाडे (कायद्यानुसार ठरणारे भाडे) आणि कायद्याने मान्य केलेली वाढ देतो किंवा द्यायला तयार आहे, त्याच्याकडून केवळ भाड्याच्या कारणावरून ताबा घेता येत नाही. भाडे थकले असेल तर मालकाने थकबाकीची लेखी मागणी करणारी नोटीस द्यावी लागते आणि ती पोहोचल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. नोटिशीत जागेचे पूर्ण वर्णन, दरमहा भाडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत ते थकले आणि एकूण रक्कम किती, हे आकड्यांत असावे. ‘तुमचे बरेच भाडे बाकी आहे, घर सोडा’ अशी मोघम नोटीस पाठवून महिने वाया घालवणारे मालक थोडे नाहीत. नोटीस पोचपावतीसह टपालाने पाठवावी. ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन पाकीट परत आले तर ते न फोडता तसेच जपून ठेवावे, कारण तेच पुढे न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होते. मुदत कायद्याची आठवणही येथेच ठेवावी: थकलेल्या भाड्याच्या वसुलीला ३ वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे भिडेखातर वर्षानुवर्षे थांबलेल्या मालकाला त्याआधीची रक्कम सोडून द्यावी लागते.

भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर हे ९० दिवस ही खरी संधी असते. या काळात मागितलेली योग्य रक्कम चुकती केली तर दाव्याचे कारणच उरत नाही. रक्कम बँकेमार्फत द्यावी. रोखीने दिल्यास पावती घ्यावीच, कारण मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणे कलम २६ नुसार मालकावर बंधनकारक आहे. मालक मुद्दाम भाडे स्वीकारत नसेल, तर धनादेश पत्रासोबत टपालाने पाठवून आपली तयारी कागदावर आणावी. ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ असे तोंडी सांगून निर्धास्त राहणे मात्र धोक्याचे आहे. मालकाने तसे लेखी मान्य केले नसेल, तर न्यायालयात या एका वाक्यावर बचाव उभा करणे कठीण जाते. मूळ मालक वारल्यावर दोनतीन वारस वेगवेगळे भाडे मागू लागतात, ही जुन्या वस्त्यांतील नेहमीची अडचण आहे. अशा वेळी भाडे देणे थांबवून गप्प बसू नये. भाडे द्यायला तयार असल्याचे सर्व वारसांना लेखी कळवावे आणि आखीव पत्रिकेवर (मिळकतीची नोंद दाखवणाऱ्या सरकारी उताऱ्यावर) कोणाची नावे चढली आहेत ते पाहून, रक्कम कोणाच्या खात्यात भरायची हे त्यांच्याकडून लेखी मागावे.

दावा दाखल झाला तरी सारे संपत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी द.सा.द.शे. १५ दराने सरळ व्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा निकाल लागेपर्यंत पुढचे भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) होत नाही. उदाहरणार्थ, ४०,००० रुपये वर्षभर थकलेले असतील तर त्यावर ६,००० रुपये व्याज होईल. प्रत्यक्षात प्रत्येक महिन्याचे भाडे ज्या तारखेला देय झाले तिथपासून व्याज वेगळे मोजावे लागते. माझ्या मते बहुतेक भाडेकरू हरतात ते येथेच: पहिली मोठी रक्कम उसनवारी करून भरतात, आणि नंतर दरमहा भरायचे साधे भाडे चुकवतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी की हे संरक्षण फक्त थकबाकीपुरते आहे. मालकाची स्वतःची वाजवी गरज, पोटभाडेकरू ठेवणे किंवा पुरेशा कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे अशी कलम १६ मधील कारणे दाव्यात असतील, तर त्यांचा निर्णय स्वतंत्रपणे होतो.

राहण्यासाठी दिलेले घर लिव्ह अँड लायसन्स करारावर असेल तर वाट निराळी आणि तुलनेने जवळची आहे. कराराची मुदत संपूनही ताबा मिळाला नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या (करारात ठरलेल्या मासिक रकमेच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. अशा अर्जाचे समन्स आल्यावर राहणाऱ्याने ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मिळवावी लागते. ती मुदत चुकली तर म्हणणे ऐकूनच घेतले जात नाही. दुकान किंवा कार्यालयाच्या जागेला ही सोय नाही. तसेच स्टॅम्पपेपरवर नोटरी केला म्हणजे काम झाले, हा समज सोडावा. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

संतापाच्या भरात कुलूप लावणे, सामान बाहेर काढणे किंवा वीज-पाणी तोडणे यांतून मालक आपलाच दावा बिघडवतो. अत्यावश्यक सेवा तोडण्याला कलम २९ ने मनाई केली असून त्यासाठी शिक्षेचीही तरतूद आहे. कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलेल्या व्यक्तीला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या) कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो, आणि त्यात मालकी कोणाची हा प्रश्न पाहिला जात नाही.

नागपूर शहरातील भाडेकरूविरुद्धचा दावा लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉज कोर्टात) चालतो. त्याच्या निकालावर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते, दुसरे अपील नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. मालकाच्या बाजूने निकाल लागला तरी त्याने स्वतः जाऊन कुलूप बदलायचे नसते. दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल केल्यावर बेलीफमार्फत, म्हणजे न्यायालयाच्या कर्मचाऱ्यामार्फत, ताबा मिळतो.

आपसांत मिटवून घर सोडायचे ठरले, तर त्या दिवशी ताबा पावती करावी. तीत किल्ल्या परत दिल्याची तारीख, महावितरणच्या मीटरवरील आकडा, डिपॉझिटचा हिशेब आणि उरलेली थकबाकी किती, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, हे लिहून दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि एक प्रत प्रत्येकाने आपल्याजवळ ठेवावी.