रत्नागिरीचा तुरुंग बघायला निघताना

मे महिन्यात गाडी काढून कोकणात उतरणार असाल आणि रत्नागिरीच्या तुरुंगातली सावरकरांची कोठडी बघायची असेल, तर कपड्यांना हात लावण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र काढून ठेवा. मूळ ओळखपत्र, हातात धरता येईल असं कार्ड. फोनमधला आधारचा फोटो चालेल असं धरून चालू नका. हे विशेष कारागृह आजही चालू आहे, भिंतीपलीकडे कैदी आहेत, त्यामुळे मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. फोन बाहेर राहिला की त्यातलं आधारही बाहेरच राहिलं. गेल्या उन्हाळ्यात आमचं नेमकं इथेच अडलं. सत्तरी ओलांडलेल्या मामांचं कार्ड घरच्या कपाटात होतं, आणि शाळेत असल्यापासून ही कोठडी बघायची म्हणणारे मामा फाटकावरून मागे फिरले. म्हणून सांगते, ज्येष्ठांची कार्डं तुम्ही स्वतः मागून घ्या. 'आहे माझ्याकडे' या उत्तरावर थांबू नका, 'दाखवा' म्हणा.

निघण्याआधी कारागृहाच्या कार्यालयात चौकशी करा, कोठडी कधी बघू देतात ते. तिथे तुरुंगाचं काम आधी आणि आपण नंतर, हे मनात ठेवूनच जायचं.

पाणी, टोपी, टायरमधली हवा हे सांगायला नको. मुंबईहून साधारण ३४० किलोमीटर आहे, गोवा महामार्गाने हातखंब्यापर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. पहाटेच निघा. मे महिन्यात दुपारी बाराला अंगाला जो चिकचिकाट सुटतो त्यात मुलं रडकुंडीला येतात आणि मोठी माणसं एकमेकांवर खेकसतात. समुद्राकाठच्या रस्त्याने येणार असाल तर वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी लागतील. सुट्टीत प्रत्येक धक्क्यावर गाड्यांची रांग असते, तेव्हा त्याच दिवशी तुरुंगही गाठू असा हिशेब करू नका. रत्नागिरीत मुक्काम करा आणि सकाळी ताज्या अंगाने जा. सुटे पैसे जवळ ठेवा.

मुलांना आदल्या रात्रीच सगळं सांगून ठेवा, कोठडीच्या दारात उभं राहून इतिहास सुरू करू नका. १९२१ साली सावरकरांना अंदमानातून परत आणल्यावर इथे ठेवलं, १९२३ मध्ये येरवड्याला हलवलं आणि जानेवारी १९२४ मध्ये सोडलं, पण रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. या अटी १९३७ पर्यंत होत्या. एवढं ठाऊक असेल तर ती खोली बघताना मूल स्वतःहून विचारतं की मग इतकी वर्षं ते करत काय होते. त्याचं उत्तर गावातच आहे, सावरकरांच्या पुढाकाराने भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं आणि १९३१ साली सगळ्या जातींना खुलं झालेलं पतितपावन मंदिर. तुरुंगानंतर लगेच तिथे जा, मधे जेवायला थांबू नका.

आत मोठ्याने बोलू नका. कैद्यांकडे बोट दाखवून मुलांना काही सांगू नका, त्यांच्याही घरचे कधीतरी याच फाटकाशी भेटीसाठी थांबतात. कॅमेरा गाडीतच ठेवा, मोठ्या बॅगाही. खिशात फक्त ओळखपत्र. परत सांगते, कार्ड, आणि प्रत्येकाचं वेगळं.

थिबा राजवाडा त्याच दिवशी ठेवा, पण सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. हाही एक कैदखानाच. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि पुढच्या वर्षी थिबा राजाला इथे आणून ठेवलं. हा वाडा तयार व्हायला १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. अर्धगोल लाकडी खिडक्यांवरची नक्षी हात लांब ठेवून, पण अगदी जवळ जाऊन बघा. मग शेजारच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी जिथे समुद्राला मिळते तिकडे बघा. परतीची वाट ज्या समुद्रातून होती तो रोज समोर आणि जायची परवानगी नाही, हे त्या जागी उभं राहिलं की जास्त कळतं. इथे घाई करू नका, तासभर तरी ठेवा.

परतताना अलिबागवरून येणार असाल तर हिराकोट बाहेरून बघा. कान्होजी आंग्र्यांनी १७२० मध्ये बांधलेला, आत कारागृह आहे, तेव्हा फाटकाशी रेंगाळू नका. तटाचे काळे चिरे रस्त्यावरूनही नीट दिसतात.

बाकी किरकोळ. आंब्याच्या पेटीला डिकीत आधीच जागा ठेवा, तिच्यावर बॅगा रचू नका. मेअखेरीला वळीव येतो, वायपर तपासा. घाट उजेडात उतरा. ओळखपत्रं हॉटेलच्या काउंटरवर दिली असतील तर निघताना मोजून परत घ्या.